कुलुपाचा हात

कन्नडात कुलुपाला 'बीग' म्हणतात आणि किल्लीला 'बीगद कै', म्हणजे शब्दशः कुलुपाचा हात! किल्ली हरवली की हा हात आपण एखाद्या अनोळखी माणसाच्या हवाली करतो, म्हणून मला हा शब्द फार समर्पक वाटतो.

जुडगा खुळखुळवीत गल्लीतून फिरणारे सगळेच किल्लीवाले लबाड नसतात. पण आमच्या शेजारच्या आजींकडे आलेल्या एकाने कपाट उघडले, 'किल्ली तापवून आणा' म्हणून त्यांना स्वयंपाकघरात धाडले आणि 'तेल घातलंय, दोन तास उघडू नका' असे बजावून तो निघून गेला. दोन तासांनी पाहतात तो आईने दिलेल्या पाटल्यांचा डबा रिकामा!

लायनस येलने १८६१ साली पेटंट घेतलेले पिनांचे कुलूप असो वा कपाटाचे लिव्हरचे, किल्लीच्या खाचा जुळल्या की ते तत्क्षणी फिरते. मुरत ठेवायला ते काही लोणचे नव्हे!

म्हणून बाजारात कायमचे दुकान असलेला कारागीर बोलवावा. मजुरी आधी ठरवावी, न विचारता ड्रिल लावू देऊ नये, काम चालू असता जागा सोडू नये आणि जुनी-नवी प्रत्येक किल्ली मोजून घ्यावी.

यात प्रामाणिक माणसाचा अपमान होईल, ही भीती व्यर्थ आहे. माझ्या ओळखीचे एक वृद्ध किल्लीवाले स्वतःच म्हणतात, "ताई, इथंच उभ्या राहा. आतलं सगळं बघून घ्या, मगच पैसे द्या."