इर्शाळगडाचं नेढं

अम्मीचं माहेर पनवेलचं. उन्हाळ्याच्या सुटीत औरंगाबादहून तिकडे गेलो की मामूजान एकदा तरी खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडावर न्यायचे. वर सुळक्याला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. त्यात बसलं की वारा कानात घुमायचा. उतरताना मुरमावर पाय घसरे, मामूजान माझं मनगट सोडत नसत. भीती वाटायची ती कड्याची. मधल्या ठाकरांच्या इर्शाळवाडीत पोहोचलो की सुटल्यासारखं व्हायचं. एक म्हातारी न विचारता पाण्याचा तांब्या पुढे करायची.

19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली ती नेमकी त्या वाडीवर. यंत्रं वर नेता येईनात, माणसांनी हातांनी माती उपसली. 27 मृतदेह मिळाले, 57 जण सापडलेच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबला.

मामूजानना फोन केला. म्हणाले, "ती म्हातारी तर केव्हाच गेली असेल. पण तिची नातवंडं..." पुढे बोलले नाहीत.

परवा माझ्या मुलाने मोबाइलवर नेढ्याचा फोटो दाखवला. "अब्बा, इथे जायचं?"

मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हणवत नाही.