सादियातचं चांदण्यांचं छत

आखातातल्या नातलगांकडे जाणारी आपली माणसं दुबईचे मनोरे आणि मॉल पाहून परततात. आम्ही मात्र या दिवाळीच्या सुट्टीत अबुधाबीच्या सादियात बेटावर अख्खा दिवस काढला, तोही बहुतेक एका छताखाली. ‘सादियात’ हा शब्द आपल्या ‘सआदत’च्याच घरातला. सुख, सौभाग्य असा त्याचा अर्थ. फ्रान्सशी २००७ मध्ये झालेल्या करारातून इथे ‘लूव्र अबुधाबी’ हे संग्रहालय उभं राहिलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. अठरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, त्यामुळे अकरावीतली आमची लेक फुकटात आत गेली. एका दालनात कुरआन, तौरात आणि बायबलची जुनी हस्तलिखितं जवळजवळ मांडली आहेत. तिथे आम्ही बराच वेळ थांबलो. बाकीच्या चित्रांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

आम्हाला लिहायचं आहे ते घुमटाबद्दल. बाहेरून तो पाण्याकाठी पालथ्या घातलेल्या परातीसारखा दिसतो. विजापूरला शाळेची सहल नेली की मुलं गोल घुमट पाहून ‘बापरे’ म्हणतात. त्या घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे, तर याचा १८०. गोल घुमटाला जाडजूड भिंतींचा आधार आहे. इथे साडेसात हजार टनांचं ओझं फक्त चार खांबांवर पेललंय. त्या खांबांमध्ये ११० मीटरचं अंतर आहे आणि ते खालच्या इमारतींत असे दडवलेत की शोधूनही चटकन सापडत नाहीत. पॅरिसच्या आयफेल टॉवरचं लोखंडही साधारण एवढ्याच वजनाचं.

आत शिरलं की जमिनीवर, भिंतींवर, माणसांच्या खांद्यांवर उन्हाचे कवडसे पडलेले दिसतात. वास्तुविशारद जाँ नुव्हेल यांना हे खजुरीच्या झावळ्यांवरून सुचलं. आपल्या कोकणात नारळाच्या झापांनी शाकारलेल्या मांडवाखाली जे बसलेत, त्यांना हा उजेड वेगळा समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथली झापं म्हणजे धातूच्या ७,८५० चांदण्या आहेत. वर चार थर पोलादाचे आणि खाली चार अॅल्युमिनियमचे. या दोहोंच्या मध्ये पाच मीटर खोलीचा पोलादी सांगाडा आहे. नक्षी एकच, पण प्रत्येक थरात तिचा आकार आणि कोन बदलतो. सूर्यकिरण आठही थरांतून वाट काढून खाली येतो आणि सूर्य जरा सरकला की कुठल्या तरी थरात अडतो. आम्ही एक कवडसा बुटाच्या टोकाशी धरून उभे राहिलो, तर पाहता पाहता तो विरून गेला.

अशी जाळी कागदावर काढणं सोपं आहे. आपल्याकडच्या दर्ग्या-मशिदींच्या खिडक्यांतून कारागिरांनी ती शतकानुशतकं कोरली. अडचण येते ती सपाट नक्षी वक्र छतावर बसवताना. चौकटीचा कागद फुटबॉलवर गुंडाळून पाहा, लगेच चुण्या पडतात. चुण्या नको असतील तर प्रत्येक पट्टीची लांबी आणि कोन तिच्या जागेप्रमाणे थोडा बदलावा लागतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या अंगणावर २००० साली काचेचं छत घातलं, त्यातल्या ३,३१२ काचांपैकी कुठल्याही दोन काचा सारख्या नाहीत.

इतकं हाताने कोण मोजणार? म्हणून संगणकावर छताचं चित्र काढण्याऐवजी छताचे नियम लिहितात. आम्ही शिक्षक निकालपत्रक एक्सेलमध्ये करतो. एका मुलाचे गुण बदलले की बेरीज, टक्केवारी, क्रमांक सगळं आपोआप बदलतं. तसंच हे. चांदणीचा आकार, पट्टीची रुंदी, थराचा कोन हे आकडे. त्यातला एक हलवला की अख्खी जाळी नव्याने मांडली जाते. मग वजन कुठे जास्त येतंय, ऊन कुठे जास्त झिरपतंय हे तपासायचं आणि पुन्हा आकडा बदलायचा. याला पॅरामेट्रिक मॉडेलिंग म्हणतात. ‘पॅरामीटर’ म्हणजे हवा तसा बदलता येणारा आकडा.

हे सगळं आम्हाला लेकीने सांगितलं. तिला वास्तुविशारद व्हायचंय. पाच वर्षांचा अभ्यासक्रम, नाटाची प्रवेश परीक्षा, फीचा आकडा. घरात वडीलधाऱ्यांचं म्हणणं, ‘बीएड करून टाक, साइटवर मुलीचं काय काम?’ आम्ही दोघांनी तिला अजून हो किंवा नाही सांगितलेलं नाही.

दुल्हेभाई आखातात बावीस वर्षं पराती बांधण्याचं काम करताहेत. त्यांची नजर चित्रांवर ठरत नव्हती, सारखी वर जात होती. “हे खालून कसं धरलं असेल?” लेकीने वाचलेलं सांगितलं, की सांगाड्याचे ८५ मोठे तुकडे जमिनीवर जोडले, तात्पुरत्या १२० मनोऱ्यांवर क्रेनने चढवले आणि शेवटी सगळा घुमट खांबांवर उतरवला. “एकेक तुकडा पन्नास टनांपर्यंतचा!” दुल्हेभाई म्हणाले, “बेटा, कागदावर तू जे काढशील ना, ते काढताना एवढं बघ, की स्पॅनर धरणाऱ्याला पाय ठेवायला जागा आहे का.” या बेटावरच्या मजुरांकडून घेतलेली भरतीची फी, अडकवून ठेवलेले पासपोर्ट, थकलेले पगार यांवर ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २००९ पासून अहवाल काढलेत. ते आम्ही त्यांना सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “माझाही पासपोर्ट चार वर्षं कंपनीकडेच होता.” त्यांची साइट इथली नव्हती, दुसरीकडची होती.

असरच्या सुमाराला कवडसे लांबट झाले आणि आपा ‘चला आता’ म्हणू लागली. परतताना शेख झायेद पुलावरून गेलो. वाळूच्या लाटांसारख्या कमानींचा हा पूल २०१० मध्ये खुला झाला. लेक मागच्या सीटवरून म्हणाली, “दुल्हेखालू, हा झाहा हदीदने केलाय. बगदादची. आधी बैरूतला गणित शिकली, मग आर्किटेक्ट झाली. २००४ मध्ये प्रित्झकर मिळालं, बायकांत पहिलीच.”

दुल्हेभाईंनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. “दहा वर्षं जातोय या पुलावरून,” ते म्हणाले, “कुणी बाईने केलाय हे आजच कळलं.” मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारलं, “फी किती म्हणालात, गुरुजी?”