दुपारच्या तीन तासांचे भाडे

दिवाळीच्या सुटीत धाकटी बहीण मुलांना घेऊन पासलीला आली, की आमच्या घराच्या ओसरीवर पुढच्या सहलीची चर्चा सुरू होते. तोरण्याच्या पलीकडे, केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे आमचे मूळ गाव. माझा दवाखाना तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला असला, तरी आई-अण्णा इथेच राहतात. गेल्या वर्षी भाचरांनी एकमुखाने मागणी केली, "मामा, या वेळी इमॅजिका." खोपोलीजवळचे ते थीम पार्क २०१३ साली सुरू झाले, त्यांच्या वर्गातील बहुतेक मुले ते पाहून आलेली. प्रश्न जाण्याचा नव्हताच. पहाटे निघून रात्री परत यायचे, की उद्यानाला लागूनच असलेल्या हॉटेलात मुक्काम करायचा, एवढाच होता.

हा प्रश्न खर्चाचा आहे असे आपल्याला वाटते. मलाही तसेच वाटत होते. पण ज्या घरात ऐंशीच्या आसपासचे कुणी आहे, तिथे तो आरोग्याचाही असतो, हे मला एका चुकीतून कळले. ती चूक माझी होती, आणि मी डॉक्टर असल्यामुळे ती अधिकच बोचते.

तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, आम्ही सगळे पुण्याजवळच्या एका वॉटर पार्कला एका दिवसात जाऊन आलो. पहाटे साडेपाचला निघालो. अण्णांच्या हृदयाची पंप करण्याची ताकद थोडी कमी झालेली आहे; त्यासाठी रोज सकाळी लघवीची गोळी आणि रक्तदाबाची गोळी असते. प्रोस्टेटचाही त्रास आहे. दुपारी दोनच्या सुमारास, पत्र्याच्या शेडखालच्या बाकावरून उठताना त्यांना एकदम अंधारी आली. बहिणीच्या नवऱ्याने सावरले म्हणून ते पडले नाहीत. मी रक्तदाब पाहिला, तो चांगलाच खाली गेला होता. त्यांना बाकावर आडवे केले, पाय उंच ठेवले, घोटघोट पाणी दिले. अर्ध्या तासाने चेहऱ्यावर रंग आला. पण त्या अर्ध्या तासात त्यांना नीट झोपवायला गादी नव्हती, बंद दार नव्हते, शांतता नव्हती. होता तो एक बाक आणि ध्वनिक्षेपकावरचे गाणे.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांचा सदरा खुंटीला लावताना खिशात कागदाची पुडी लागली. आत सकाळची लघवीची गोळी होती. विचारल्यावर ते म्हणाले, "वाटेत दर अर्ध्या तासाला कुणाला गाडी थांबवायला लावायची? म्हणून घेतली नाही. पाणीही बेतानेच प्यालो." चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या माणसाने आपल्यामुळे मुलांचा खोळंबा होऊ नये म्हणून केलेला हा हिशेब होता. मी शेजारी बसून गाडी चालवत होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

अण्णांचे वागणे अपवादात्मक नाही. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या कित्येक आजी-आजोबांनी लग्नाला, देवदर्शनाला जाताना हेच केल्याचे नंतर सांगितले आहे. वाढत्या वयात तहानेची जाणीव मुळातच मंदावते आणि पाणी राखून ठेवण्याची मूत्रपिंडाची क्षमताही कमी होते. त्यात पाणी जाणूनबुजून टाळले, बाहेर ऊन असले आणि रक्तदाबाची गोळी मात्र पोटात गेलेली असली, तर उभे राहताना रक्तदाब झपकन उतरतो. तोल जातो, माणूस पडतो आणि कधी त्यात खुब्याचे हाड मोडते. सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून झालेली असते: स्वच्छ, जवळचे, हक्काचे स्वच्छतागृह नाही.

म्हणून या वेळी चर्चा सुरू झाली तेव्हा मी नकाशा आणि घड्याळ घेऊन बसलो. पासलीहून वेल्हे, मार्गासनी, नसरापूर, चेलाडी फाट्याला सातारा महामार्ग, मग पुण्याबाहेरून किवळ्याजवळ द्रुतगती मार्ग, बोरघाट उतरून खोपोली आणि तिथून पालीच्या रस्त्यावर उद्यान. थांबत-थांबत गेले तर चार तास तरी हवेत. परतीचे चार धरले, तर दिवसाचे आठ तास गाडीत. उद्यानात उरतात ते नेमके उन्हाचे तास. रोषणाईची, थंड हवेची संध्याकाळ सुरू होते तेव्हा आपण परतीच्या चिंतेत असतो. शिवाय दिवसभर चालून दमलेल्या माणसाने रात्री घाट आणि गावाकडचे वळणांचे रस्ते गाडी चालवत पार करायचे, हा धोका वृद्धांचाच नव्हे, गाडीतल्या प्रत्येकाचा असतो.

बहिणीचा आक्षेप रास्त होता. "दादा, हॉटेलात फक्त झोपायचंच तर आहे. त्यापेक्षा लोणावळ्यात किंवा खोपोलीत स्वस्तात राहू." मीही आधी त्याच मताचा होतो. मग आम्ही एक साधा प्रश्न विचारला: दुपारी एक ते चार या वेळात अण्णा आणि आई कुठे असतील? लोणावळ्याच्या खोलीचा रात्री उपयोग होता; दुपारी त्या खोलीत जायचे तर पुन्हा घाट चढायला हवा. म्हणजे कुणीही जाणार नाही. दोघे कुठल्यातरी झाडाखाली बसून राहतील आणि माझी पत्नी त्यांच्याजवळ बसेल, कारण दर वेळी तीच बसते. उद्यानाला लागून असलेल्या खोलीचे जास्तीचे पैसे आपण देतो ते या तीन तासांसाठी. तिथे पाठ टेकता येते, ओळखीचे स्वच्छतागृह असते, वेळेवर जेवण होते आणि सोबतच्या माणसालाही मोकळीक मिळते.

आईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. तिला मधुमेहासाठी सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लागते. उन्हात बंद गाडीत ठेवलेले इन्सुलिन खराब होते आणि ते दिसून येतेच असे नाही. खोलीतल्या लहान फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून दूर, ते सुरक्षित राहते. इन्सुलिन घेतल्यावर जेवण रांगेमुळे तासभर लांबले, तर साखर उतरून घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो. जेवण हाताशी असेल तेव्हाच सुई टोचायची, हा नियम खोली जवळ असली की सहज पाळता येतो.

एक हिशेब मात्र आम्ही जवळजवळ चुकवला होता. हॉटेलात खोली साधारणपणे दुपारी मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा-बाराच्या सुमारास सोडावी लागते. म्हणजे एकच रात्र राहून दुसऱ्या दिवशी उद्यान पाहायचे ठरवले, तर नेमक्या विश्रांतीच्या वेळी खोली हातात नसते! दुपारची विश्रांती हवी असेल तर दोन रात्री तरी हव्यात, किंवा खोली उशिरा सोडण्याची परवानगी आधीच घ्यायला हवी. आम्ही दोन रात्री घेतल्या आणि तो खर्च भरून काढण्यासाठी मे महिन्यातली दुसरी सहल रद्द केली. दूरध्वनीवर काही प्रश्न मी आधीच विचारून घेतले. उद्यानातून एकदा बाहेर पडल्यावर त्याच दिवशी पुन्हा आत येता येते का? चाकांची खुर्ची मिळते का? ज्येष्ठांसाठी तिकिटात सवलत आहे का? खोली लिफ्टजवळ मिळेल का? स्नानगृहात धरायला दांडी आहे का? आपणही हे प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत. नियम वेळोवेळी बदलतात.

सगळे जमत आले तेव्हा अण्णा म्हणाले, "तुम्ही जा. आम्ही दोघं इथेच बरे."

मी समजावण्याच्या तयारीत होतो. पत्नीने मला थांबवले आणि त्यांनाच विचारले, "अण्णा, तुम्हाला यायचंच नाहीये, की तिथे त्रास होईल असं वाटतंय?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मे महिन्यातल्या त्या बाकाचा उल्लेख केला. सगळ्यांच्या देखत आडवे पडावे लागले, हे त्यांना चक्कर येण्यापेक्षा जास्त लागले होते. तीन वर्षांत ते याबद्दल एकदाही बोलले नव्हते. पत्नीने खोलीची व्यवस्था समजावून सांगितली. आईने आपली अट घातली. महडचा वरदविनायक खोपोलीच्या जवळच आहे. परतताना तिथे जायचे. अण्णा म्हणाले, "मग गणपतीसाठी येतो."

जाण्यापूर्वी अण्णांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी मी बोललो. त्यांनी प्रवासाच्या दिवशी लघवीची गोळी वगळू न देता, मुक्कामी पोहोचल्यावर दुपारी द्यायला सांगितले. किती पाणी प्यायचे, तेही ठरवून दिले. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी भरपूर पाणी पिणेही योग्य नसते, म्हणून हे माप प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांकडूनच घ्यावे. वाटेत दर दीड तासाला गाडी थांबवायची, हे मीच जाहीर केले. कारण विचारायचे नाही, सगळ्यांनी उतरून चार पावले चालायचे. त्यामुळे कुणा एकासाठी गाडी थांबली असे झाले नाही. खूप वेळ पाय लोंबते ठेवून बसल्याने पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोकाही त्याने कमी होतो.

उद्यानाच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे एकत्र आत गेलो. वेगाच्या आणि उंचीच्या राईड अर्थातच अण्णांसाठी नव्हत्या; हृदयविकार, मानेचे आणि पाठीचे आजार असणाऱ्यांसाठी अशा ठिकाणी सूचना लावलेल्या असतात, त्या 'काही होत नाही' म्हणून ओलांडू नयेत. आईने खुर्चीतून फिरताना कुरकुर केली, पण गुडघे वाचले. साडेबाराला तिघे, आई-अण्णा आणि माझी पत्नी, खोलीवर गेले. चारला मी बोलवायला गेलो तेव्हा अण्णा गाढ झोपले होते. आई खिडकीशी बसली होती. पत्नीही झोपली होती, आणि कुठल्याही सहलीत दुपारी तिला झोपलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

सगळेच सुरळीत झाले असे नाही. पहिल्या रात्री अण्णा लघवीला उठले आणि अंधारात त्यांना दार सापडेना. भिंत चाचपडत ते खुर्चीला अडखळले. पडले नाहीत, इतकेच. परक्या खोलीतली पहिली रात्र वृद्धांसाठी धोक्याची असते, हे मी रुग्णांना सांगतो आणि स्वतः विसरलो होतो. दुसऱ्या रात्री स्नानगृहाचा दिवा चालू ठेवून दार किलकिले ठेवले, वाटेतली खुर्ची हलवली, चपला पलंगाशी ठेवल्या. पलंग आमच्या घरच्यापेक्षा उंच होता, म्हणून उठताना आधी दोन मिनिटे कडेला बसायचे, मग उभे राहायचे, असे ठरवले. वातानुकूलनाचा गारठाही त्यांना सोसेना. शाल सोबत होती म्हणून निभावले.

प्रत्येक कुटुंबाने उद्यानातच मुक्काम करावा, असे माझे म्हणणे नाही. घर तास-दीड तासावर असेल, वडीलधारी माणसे हिंडती-फिरती असतील आणि हवा थंड असेल, तर अर्धा दिवस जाऊन येणेही छान. स्मृतिभ्रंश असलेल्यांना नवी खोली, गोंगाट आणि लखलखाट यांनी रात्री फार अस्वस्थता येऊ शकते; त्यांच्यासाठी घरीच विश्वासू माणूस ठेवणे अधिक दयाळूपणाचे ठरते. अलीकडेच रुग्णालयातून घरी आलेल्यांनी, किंवा दम आणि सूज वाढलेल्यांनी सहल पुढे ढकलावी. कर्ज काढून तर कुणीच राहू नये. पण दुपारी ती माणसे कुठे असतील, त्यांच्याजवळ कोण बसेल आणि त्यांना स्वतःला काय हवे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज निर्णय करू नका. तिसरा प्रश्न त्यांना एकांतात विचारा. चारचौघांत ते 'मला काही नको' असेच म्हणतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी महडला दर्शन झाले. गर्दी बेताची होती. गाडीत बसताना अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून गोळीची रिकामी पट्टी काढून न बोलता माझ्या हातात दिली. दोन्ही दिवसांच्या गोळ्या घेतल्या होत्या. मग भाच्याला म्हणाले, "घाट सुरू व्हायच्या आधी एकदा थांबायला सांग रे मामाला. मला जायचंय."