स्लेव्ह वर धर

बंद हॉलमध्ये मुलांची बास्केटबॉलची मॅच सुरू असताना फ्लॅश मारणं हा अडाणीपणा आहे, असं मी जवळपास बारा वर्षं म्हणत आलो. मनातल्या मनात नाही. चारचौघांत, टपरीवरच्या चहासोबत, आणि एकदा तर वीसेक नवख्या फोटोग्राफरांसमोर हातात खडू घेऊन. त्या दिवशी एका मुलाने पिशवीतून दोन फ्लॅश आणि क्लॅम्प बाहेर काढले. मी विचारलं, "कुणाचं लग्न आहे का?" सगळे हसले. त्याने सामान मुकाट्याने पिशवीत भरलं. गेल्या वर्षी मी त्याच मुलाला फोन करून विचारलं, की क्लॅम्प कुठले चांगले मिळतात. त्याने नीट समजावून सांगितलं. लग्नाचा विषय त्याने काढला नाही. शेवटी मीच काढला आणि माफी मागितली.

माझं मत का बदललं ते सांगायचं तर आधी हॉल सांगायला हवा. हा खेळ जन्मला तो छपराखालीच. १८९१च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने, थंडीत पोरांना आत काय खेळायला द्यावं या पेचातून, व्यायामशाळेच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या. आपल्याकडे येईतो तो खेळ अंगणात आला. पुण्यातली बहुतेक पोरं सिमेंटच्या उघड्या कोर्टवर, शाळा-क्लास उरकून संध्याकाळी शिकतात. जून लागला की पाऊस सगळ्यांना आत ढकलतो. बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं, २००८मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, २०१९च्या जानेवारीत खेलो इंडियाच्या युवा स्पर्धा झाल्या. तसल्या ठिकाणांची गोष्ट वेगळी. मी बोलतोय ते शाळांच्या आणि छोट्या क्लबांच्या हॉलबद्दल. वर पत्रा, पत्र्याखाली रांगेने दिवे, त्यातला एक कायमचा गेलेला, एक जाऊ की राहू करत लुकलुकणारा. पाऊस जोराचा आला की पंचांची शिट्टीही ऐकू येत नाही.

तिथला उजेड डोळ्यांना पुरतो, कॅमेऱ्याला पुरत नाही. उडी मारलेल्या मुलीचा हात धूसर नको असेल तर शटर निदान १/५०० सेकंद हवं. लेन्स उघडून उघडून एफ २.८. राहिला आयएसओ, तो ६४००पर्यंत चढवायचा. फोटो येतो, पण सावलीत दाणा असा उठतो, की चेहऱ्यावर कुणी रांगोळी सांडलीय असं वाटावं. शिवाय आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणजे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा चढतो-उतरतो. डोळ्यांना ते कळत नाही, वेगवान शटरला कळतं. एकाच लेअपचे सलग पाच फोटो काढावेत, तर एक पिवळा, एक हिरवट, एक अर्धा उजळ आणि अर्धा मळलेला.

या सगळ्याला मी "वातावरण" म्हणायचो. हॉलमध्ये जसं आहे तसं दाखवणं हाच प्रामाणिकपणा, असं माझं तत्त्वज्ञान होतं. दाणा म्हणजे दम, अंधार म्हणजे गांभीर्य. काळ्या-पांढऱ्यात फिरवले की ते फोटो प्रदर्शनात लावण्यासारखे दिसायचेही. दोनदा लावले. लोकांनी वाहवा केली.

मग त्या मुलीचा प्रसंग घडला. १४ वर्षांखालच्या संघातली पॉइंट गार्ड. उंचीने सगळ्यांत लहान, सावळी, दोन घट्ट वेण्या वर बांधलेल्या. चेंडू तिच्या हातात असेपर्यंत संघ शांत, चेंडू गेला की सगळ्यांची धांदल. मी पूर्ण हंगामभर तिचे फोटो काढले. हंगाम संपल्यावर क्लबला भिंतीवर प्रत्येक खेळाडूचा एक फोटो लावायचा होता, आणि आपापला फोटो मुलींनीच निवडायचा असं ठरलं. मी तिच्यासमोर नऊ फोटो मांडले. तिने सगळे पाहिले, पुन्हा एकदा पाहिले, मग दप्तरातून मोबाइल काढला. कुणाच्या तरी मामाने मॅचनंतर फ्लॅश मारून काढलेला फोटो होता. मागे पाण्याचा कूलर, कडेला कुणाचं तरी अर्धं डोकं, भिंतीवर दाट काळी सावली.

"काका, हा चालेल?"

मी म्हटलं, "अगं, यात तू नुसती उभी आहेस. माझ्या फोटोत खेळते आहेस."

ती म्हणाली, "हो, पण यात मी दिसते."

तिला मला टोचायचं नव्हतं. तिने आपलं साधं कारण सांगितलं. घरी येऊन मी तिचे नऊच्या नऊ फोटो मोठे करून पाहिले, आणि बारा वर्षांत जे पाहायचं टाळलं होतं ते दिसलं. डोक्यावरचा दिवा कपाळावर पडतो, नाकाच्या शेंड्यावर पडतो, डोळ्यांच्या खोबणीत पोचत नाही. गोऱ्या मुलीच्या खोबणीत निदान राखाडी काही तरी उरतं. हिच्या चेहऱ्यावर दोन खड्डे होते. त्यात जर्सी पांढरी. कॅमेऱ्याने जर्सी सांभाळली आणि चेहरा आणखी बुडवला. मग मी बाकीच्या मुलींचे फोटो काढून पाहिले. प्रदर्शनात लावलेल्या चौदा फोटोंपैकी ज्यांचे डोळे दिसत होते, त्या बहुतेक सगळ्या उजळ रंगाच्या मुली होत्या. मी मुद्दाम निवडल्या नव्हत्या. "चांगला आलेला" फोटो निवडत गेलो होतो, एवढंच. माझं वातावरण कुणाच्या चेहऱ्यावरून वसूल होत होतं, ते मला असं कळलं.

आता खरा कबुलीजबाब. फ्लॅशचा राग प्रामाणिकपणातून आलेला नव्हता, लाजेतून आला होता.

माझे वडील, अण्णा, लग्नांचे फोटो काढायचे. पेठांमधली मंगल कार्यालयं, गळ्यात याशिका, बारा फोटोंचा रोल, फोटो वाया गेला तर पैसे वाया. एक फ्लॅश कॅमेऱ्यावर, दुसरा माझ्या हातात. त्या दुसऱ्याला स्लेव्ह म्हणत. पहिला चमकला की त्याचा उजेड ओळखून हाही चमकायचा. शाळेत असल्यापासून लग्नसराईत मी तो हात वर करून उभा. मंगलाष्टकं संपत आली, अंतरपाट धरलेला, अक्षता मुठींत, आणि सगळ्या माणसांतून अण्णांचा आवाज: "स्लेव्ह वर धर!" सगळे माझ्याकडे बघायचे. खांदा भरून यायचा. वर्गातली एखादी मुलगी त्या लग्नाला आलेली असायचीच. कुणी तरी काका म्हणायचे, "ए फोटोवाल्या, बाजूला हो."

मी खेळाचे फोटो काढायला लागलो तो त्या कार्यालयातून बाहेर पडण्यासाठी. फ्लॅश टाकून दिला म्हणजे फोटोवाला संपला आणि फोटोग्राफर सुरू झाला, असा माझा हिशोब. अण्णा म्हणायचे, "लोक चेहऱ्याचे पैसे देतात." मला ते धंदेवाईक वाटायचं.

यातला विनोद मला फार उशिरा कळला. तरुणपणी माझ्या खोलीच्या भिंतीवर अमेरिकी बास्केटबॉलचे फोटो होते, परदेशी मासिकांतून कापलेले. घामाचा थेंब न् थेंब सुटा, चेंडूवरचे दाणे मोजता यावेत असे. हाच तो नैसर्गिक उजेड, असं मी मित्रांना सांगायचो. तिकडच्या मोठ्या सभागृहांत छतालाच फ्लॅश टांगलेले असतात आणि फोटोग्राफर खालून ते उडवतो, हे मी नंतर वाचलं. १९३०च्या दशकात एमआयटीच्या हॅरल्ड एजर्टनने विजेच्या चमकेने वेग गोठवून दाखवला, ती विद्या थेट त्या छतापर्यंत गेली होती. ज्या फोटोंच्या जोरावर मी फ्लॅशला नावं ठेवली, तेच फ्लॅशचे होते. स्लेव्हच होते, फक्त धरायला पोरगा नव्हता.

म्हणून गेल्या पावसाळ्यात दोन फ्लॅश घेऊन हॉलमध्ये गेलो. गॅलरीच्या दोन कोपऱ्यांत, कठड्याला क्लॅम्प, शिवाय निसटला तर खाली कुणाच्या डोक्यात पडू नये म्हणून दुहेरी बांधलेला पट्टा. दोन्हींचं तोंड फ्री थ्रोच्या रेषेकडे, कॅमेऱ्यावर रेडिओ ट्रिगर. छताला आपटून उजेड आणायचा विचार पहिल्या दहा मिनिटांत सोडला. गंजक्या पत्र्यावरून उजेड परत येतो तो थोडा, आणि तांबूस.

माझा एक जुना मुद्दा असा होता, की फ्लॅश लावला की शटर १/२५०वर अडकतं. ते खरं आहे. त्याहून वेगात शटर पूर्ण उघडतच नाही, एक फट सेन्सरवरून सरकत जाते आणि फ्लॅश तेवढ्या फटीपुरता लागतो. मग १/२५०मध्ये उडी गोठणार कशी, असं मी पोरांना विजयी मुद्रेने विचारायचो. उत्तर फ्लॅशच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं होतं: पूर्ण ताकदीवर चमक टिकते १/८८० सेकंद, अष्टमांश ताकदीवर १/५०००च्या आसपास. म्हणजे ताकद जितकी कमी, तितकी चमक तोकडी. एफ ४, १/२५०, आयएसओ १६०० ठेवलं की हॉलचा स्वतःचा उजेड दोन स्टॉप खाली जातो, आणि फोटो बहुतांशी त्या चमकेनेच निघतो. आयएसओ ६४००चा १६००वर आला, रांगोळी पुसली गेली, रंग पाचही फोटोंत सारखे. दिवा लांब ठेवण्याचा फायदाही दिसला. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. म्हणून दिवा तीन मीटरवर असेल तर एक पाऊल पुढे आलेली मुलगी भाजून निघते, बारा मीटरवर असेल तर त्या पावलाचा फारसा फरक पडत नाही. "लांबून मार, सारखा पडतो," हे अण्णांचं वाक्य मी कार्यालयात शंभर वेळा ऐकलं होतं.

चुका केल्याच. १२ वर्षांखालच्या मुलांची मिनी बास्केटबॉलची मॅच होती. तिथे रिंग ३.०५ मीटरऐवजी २.६०वर असते. मी एक फ्लॅश बोर्डाच्या मागे, रिंगच्या जेमतेम वर लावला. एक मुलगा धावत लेअपला आला, मी बटण दाबलं, तो दचकला, चेंडू बोर्डाच्या कडेला लागून बाहेर गेला. फोटो अप्रतिम आला होता. कोच काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे पाहिलं. तो फोटो मी तिथेच पुसला. मुलांचं लक्ष उडतं, हा मुद्दा मी बारा वर्षं ढालीसारखा वापरला होता. तो खोटा नव्हता, पण तो दिव्याच्या जागेचा मुद्दा होता. आता दिवे बोर्डामागे कधीच लावत नाही. बाजूला आणि उंच. आधी पंचांना आणि दोन्ही कोचना विचारतो. लखलखाटाने कुणाला फिट येण्याचा त्रास आहे का, हे पालकांना विचारतो. असेल तर फ्लॅश पिशवीतच राहतात. फ्री थ्रोच्या वेळी बटणावरून बोट काढून ठेवतो.

एक गोष्ट अपेक्षेबाहेर घडली. पूर्वी मी धाडधाड सलग दहा फोटो मारायचो आणि घरी जाऊन त्यातला एक निवडायचो. फ्लॅशला दम घ्यायला वेळ लागतो, म्हणून आता एका उडीला एकच फोटो. त्यामुळे खेळ बघायला लागलो. ती पॉइंट गार्ड डावीकडे पास द्यायचा असला की आधी उजवीकडे बघते, हे मला दोन हंगाम माहीत नव्हतं. समोरच्या संघाला बहुधा पहिल्या पाच मिनिटांत कळत असावं. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या संघातून खेळली, तिचं नाव या मुलींच्या तोंडी असतं. या वयात आपण खेळताना कशा दिसतो, ते त्यांनाही एकदा स्वच्छ दिसायला हवं.

काही गमावलंही आहे. मागची गॅलरी काळी पडते. डबा मांडीवर घेऊन बसलेली आजी, घोषणा देणारी बदली खेळाडूंची रांग, हे सगळं अंधारात जातं. म्हणून टाइमआउटमधला घोळका, हरल्यानंतरचा बाक, बुटाची नाडी बांधणारे हात हे मी अजूनही हॉलच्या मळक्या उजेडातच काढतो, ट्रिगर बंद करून. तिथे घाई नसते, शटर सावकाश चालतं, चेहऱ्याला उजेड गोळा करायला वेळ मिळतो. जुनं मत पुरतं चुकीचं नव्हतं. ते मी भलत्या जागी वापरत होतो.

भिंतीवर आता त्या मुलीचा नवा फोटो आहे. चेंडू हातातून नुकताच सुटलेला, आणि डोळे. त्याची एक प्रत मी अण्णांना दाखवायला नेली. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आणि तेव्हापासून ते सगळ्यांचीच नजर तपासतात. फोटो घेऊन ते खिडकीपाशी गेले, बराच वेळ धरून उभे राहिले.

"चेहरा आलाय," म्हणाले.

मी वाट पाहिली.

"डावीकडचा खाली घसरलाय. नाकाची सावली बघ, आडवी गेलीय."

घरी येऊन फाइल मोठी करून पाहिली. सावली आडवीच होती. पुढच्या रविवारी हॉलवर गेलो तर डावीकडच्या क्लॅम्पचा स्क्रू सैल. फोन करून त्यांना सांगितलं.

"मग?" ते म्हणाले. "वर धर म्हणून किती वेळा सांगितलं असेल?"