नकलेची नक्कल

बाईही चुकतात बरं का!

गेल्या सुट्टीत माझा भाचा नि शेजारचा मुलगा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ खेळत होते. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली बाजारात आला. शेजारच्याचं अस्वल २ ताकदीचं. वर जोर वाढवणारे तीन मणी, म्हणजे झालं ५. भाच्यानं ‘क्लोन’ उतरवला. हा पत्ता मैदानातल्या एखाद्या प्राण्याचं रूप घेतो.

“मावशी, माझंही ५ चं ना?”

“हो, नक्कल म्हणजे नक्कल!” मी शाळेतल्या थाटात निकाल दिला. शेजारचा हरला. पत्ते गोळा करून मुकाट घरी गेला.

रात्री नियम वाचले नि चरकले. नक्कल होते ती मूळ पत्त्यावर छापलेल्या गोष्टींची, वर ठेवलेल्या मण्यांची नव्हे. भाच्याचं अस्वल २ चंच!

सकाळी त्याच्या दारात जाऊन म्हटलं, “चूक माझी होती रे.”

तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, “बाई, क्लोननं क्लोनचीच नक्कल केली तर?”

हे मात्र वाचलं होतं! पहिल्यानं घेतलेलं रूप छापल्यासारखंच धरतात. म्हणून दुसराही अस्वलच, २ ताकदीचा.

“मग कालचा डाव पुन्हा मांडायचा,” म्हणत त्यानं चपला पायात सरकवल्या.