जकात : नाक्यावरची आणि हक्काची

माझे वडील नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून होते. त्यामुळे ‘जकात’ हा शब्द माझ्या कानांवर प्रथम पडला तो ट्रकांच्या रांगा आणि पावतीपुस्तके यांच्या सोबतीने. महाराष्ट्रातली ती जकात आता इतिहासजमा झाली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईचे नाकेही उठले. हाच शब्द मुसलमानांच्या एका धर्मकर्तव्याचे नाव आहे आणि अरबीत त्याच्या मुळाशी शुद्ध होणे व वाढणे असे दोन्ही अर्थ आहेत, हे मला महाविद्यालयात उर्दूच्या एका प्राध्यापकांनी सांगितले.

धर्मातला शब्द नाक्यावर आला कसा? इस्लामी राज्याच्या आरंभकाळात व्यापारी वाटांवर अधिकारी बसत आणि मुसलमान व्यापाऱ्याच्या मालाचा चाळिसावा हिस्सा घेत. पुढे राज्यव्यवहाराच्या भाषेत त्यातला धर्म गळाला, कर उरला. शिवाजी महाराजांच्या १६७१च्या पत्रात बारदेशातल्या मिठावर जकात बसवण्याची आज्ञा आहे, ती याच उरलेल्या अर्थाने.

मूळ अर्थात मात्र ही जकात आजही चालू आहे. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी यांच्या किमतीइतकी शिल्लक चांद्रवर्षभर हाती राहिली, की तिचा चाळिसावा हिस्सा द्यायचा. (आज या दोन किमतींत एवढी तफावत आहे, की चांदीचा हिशेब धरणारा बेताच्या पुंजीवरही दाता ठरतो.) कुणाला द्यायचा, हेही कुराणाने आठ वर्गांत ठरवून दिले आहे. त्यांत दरिद्री आहेत तसे कर्जात बुडालेले आहेत, वाटेत अडकलेला प्रवासीही आहे. आईवडिलांना वा मुलांना ती देता येत नाही. त्यांचे पोषण हे वेगळे कर्तव्य आहे.

मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते असे, की श्रीमंताच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ‘हक्क’ असल्याचे कुराण सांगते. म्हणजे देणारा उपकार करत नाही, दुसऱ्याचे त्याच्याकडे राहिलेले परत करतो. आपल्या ‘दान’ या शब्दात पुण्य दात्याच्या पदरी पडते, घेणाऱ्याच्या वाट्याला ओशाळलेपण येते. ‘खैरात’ तर अरबीत सत्कृत्ये. मराठीत आपण ती तुच्छतेने ‘वाटतो’. शब्दांचे हे घसरणे निव्वळ भाषिक नसावे.

हिशेब असला की पळवाटही येतेच. वर्ष सरता सरता संपत्ती पत्नीच्या नावे करण्याची युक्ती जुन्या धर्मशास्त्रज्ञांना ठाऊक होती. अल-गझालीने (मृत्यू ११११) तिच्यावर टीका केली आहे. दिलेले बोलून दाखवले तर दान वाया जाते, ही ताकीदही कुराणात आहे. इस्तंबूलमध्ये उस्मानी काळातले ‘सदका दगड’ अजून काही ठिकाणी उभे आहेत. वर खोलगट भाग असलेला खांब. कुणी त्यात हात घालून नाणी ठेवी, कुणी हात घालून गरजेपुरती उचली. हात ठेवणारा की घेणारा, पाहणाऱ्याला कळू नये. शिकत असताना एका संस्थेने आम्हा शिष्यवृत्तीधारकांना व्यासपीठावर उभे करून, धनादेश छातीशी धरायला लावून छायाचित्रे काढली होती. त्या खांबाविषयी वाचताना मला ती रांग आठवली.

रमजानअखेरीच्या फित्र्यात तर ही रांगच मोडते. ईदच्या नमाजापूर्वी तो माणशी ठरावीक मापाच्या धान्याच्या रूपात द्यायचा असतो. हनफी पंथात त्यासाठी विशिष्ट संपत्ती लागते. कोकणी मुसलमान शाफई. त्यांच्या शास्त्राप्रमाणे ईदच्या दिवसा-रात्रीच्या गरजा भागून घरात काही उरत असेल, तर फित्रा लागू होतो. म्हणून कोकणातल्या एखाद्या घरात सकाळी शेजाऱ्याच्या फित्र्याचा तांदूळ येतो, आणि घरची बाई तो पाहून ठेवून, आपल्या माणसांच्या वाट्याचा मोजून दुसऱ्या दाराशी पाठवते.