दुसरी बादली

नव्या कोऱ्या गाडीवर पहिला ओरखडा कोण मारतं? रिक्षावाला? सिग्नलला घुसणारा बाइकवाला? पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणारी पोरं? सॉरी बॉस, सगळे निर्दोष! पहिला ओरखडा मारतं ते फडकं. तेच, जे रोज सकाळी तुमच्या बॉनेटवरून प्रेमानं फिरत असतं.

खरं नाही वाटत? मग रात्री पेट्रोल पंपावरच्या दिव्याखाली उभे राहा आणि बॉनेटकडे जरा तिरकं बघा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, गोल रेघा दिसतील. डीटेलिंगवाले त्यांना ‘स्वर्ल मार्क्स’ म्हणतात. माझी गाडी काळी. म्हणजे सगळं लख्ख दिसणार. पाच वर्षांचा ईएमआय, त्यातले जेमतेम आठ हप्ते गेलेले आणि बॉनेटवर कोळ्यांची आख्खी वसाहत!

फंडा असा आहे. गाडीच्या रंगावर सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. जाडी साधारण ४०-५० मायक्रॉन. आपला डोक्याचा केस सरासरी ७० मायक्रॉनचा. म्हणजे ज्या चकाकीसाठी आपण शोरूममध्ये फिदा होतो, ती केसापेक्षाही पातळ! त्यावर बसते पुण्याची धूळ. बांधकामाची वाळू, सिमेंट, रस्त्याची खडी. ही धूळ ओल्या फडक्यानं पुसली की फडक्याचा पॉलिशपेपर होतो. ‘मग पॉलिश मारून घेऊ की,’ असं म्हणणाऱ्यांसाठी वाईट बातमी. पॉलिश करताना ओरखडा भरला जात नाही. त्याच्या आजूबाजूचा थर घासून खाली आणला जातो. हे किती वेळा परवडणार?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गाड्या पुसायला मामा येतात. सोलापूरकडचे, पन्नाशीचे. सोसायटीच्या ग्रुपवर मी रेघांचा फोटो टाकला, तर लगेच उत्तरं आली, ‘माणूस बदला.’ मी पार्किंगमध्ये जाऊन मामांशीच बोललो. हिशेब सोपा निघाला. गाड्या १८. वेळ पहाटे पाच ते आठ. म्हणजे एका गाडीला दहा मिनिटं, त्यातच पाणी आणणं आलं. चार गाड्यांना मिळून एक बादली, एक फडकं. गाडीमागे महिन्याला ५०० रुपये. माणूस बदलला असता तरी गणित तेच राहिलं असतं ना?

म्हणून मी मामांना म्हटलं, ‘रोज पुसू नका. आठवड्यातून एकदा, रविवारी आपण दोघं मिळून धुऊ. पैसे तेवढेच.’ मामा खूश होतील असं कुणालाही वाटेल. ते मात्र गप्प झाले. मग म्हणाले, ‘दादा, रोज काम दिसलं नाही की पुढच्या महिन्याला पैसे बंद होतात. लई बगितलंय.’ त्यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. तीन महिन्यांचे पैसे आधीच दिले, एवढंच.

मग सुरू झाला आमचा रविवार. सकाळी सात, ऊन यायच्या आत, कारण तापलेल्या पत्र्यावर शाम्पू वाळतो आणि डाग पडतात.

पहिला नंबर चाकांचा. बॉडी धुऊन मग चाकं घासली, तर ती घाण परत बॉडीवर उडते. चाकं थंड हवीत. त्यांच्यावरची काळी भुकटी म्हणजे ब्रेकची धूळ, त्यात लोखंडाचे कण असतात आणि ते अलॉयमध्ये रुतून बसतात. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. फवारला की लोखंडाला लागून जांभळा होतो आणि ओघळायला लागतो. मामा पहिल्यांदा घाबरलेच, ‘रगात आलं की ओ!’ वाळायच्या आत धुऊन टाकायचा. ॲसिडचा क्लीनर मात्र अलॉयला नको. चाकांची बादली आणि ब्रश वेगळे, ते बॉडीच्या जवळपासही यायचे नाहीत.

मग बॉडी. आधी नुसत्या पाण्यानं सुटी धूळ उतरवायची. मग बागेत झाडांवर फवारतात तो दोन लिटरचा पंप घेऊन शाम्पूचं पाणी मारायचं आणि चार-पाच मिनिटं थांबायचं. जितकी घाण हात न लावता उतरेल, तितकी उतरू द्यायची. अख्ख्या प्रकरणाचं सार म्हणाल तर हेच. मग दोन बादल्या. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, टपापासून खाली सरळ रेषेत फिरवायचा आणि पुन्हा शाम्पूत घालण्याआधी दुसऱ्या बादलीत खळबळून घ्यायचा. दाराचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, कारण सगळ्यात जास्त वाळू तिथेच असते. शाम्पू गाडीचाच. भांड्यांचं लिक्विड वॅक्सही धुऊन नेतं. शेवटी मगानं पाणी ओतायचं आणि लगेच मोठ्या टॉवेलनं टिपून घ्यायचं, कारण बोअरच्या पाण्यातले क्षार वाळले की पांढरे ठिपके बसतात. आणि टॉवेल जमिनीवर पडला की त्या दिवसापुरता बाद!

तो जाड, मऊ टॉवेल हातात घेऊन मामा म्हणाले, ‘एवढं मऊ आमच्या घरी अंग पुसायला पण नसतंय.’ मी हसलो, पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

पाण्याचं म्हणाल तर तीन बादल्यांत काम होतं. पाइप धो धो सोडण्यापेक्षा कितीतरी कमी. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर बंदी आली होती, दंड ५,००० रुपये. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या पुणेकरांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

आता प्रोटेक्शन. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांपासून मिळतं. चमक मस्त, पण टिकतं काही आठवडे. सिंथेटिक सीलंट काही महिने. सिरॅमिक कोटिंग त्याहून जास्त. पण ‘नाइन एच हार्डनेस’ ऐकून भुलू नका. ते पेन्सिलींच्या कडकपणाचं माप आहे, हिऱ्याचं नव्हे. वाळूचा कण कोटिंगवरही ओरखडा काढतोच. कोटिंगचा खरा फायदा म्हणजे घाण घट्ट चिकटत नाही, धुणं सोपं होतं. म्हणजे फिरून पुन्हा बादलीपाशीच! कबुतरांनी प्रसाद दिला किंवा झाडावरच्या माव्याचा चिकटा पडला, तर रविवारची वाट बघू नका. ओला टिश्यू दोन मिनिटं ठेवा, मग अलगद उचला. घासायचं नाही.

दसऱ्याला मामांनी गाडीला झेंडूचा हार घातला. बॉनेटवर स्वस्तिक काढायला मी कुंकू पुढे केलं, तर म्हणाले, ‘काचेवर काढू दादा. पत्र्यावर डाग ऱ्हाईल.’ गुरू कोण आणि चेला कोण!

आता सोसायटीतल्या आणखी तीन गाड्या त्यांनी रविवारच्या पद्धतीवर घेतल्यात. दर त्यांनीच ठरवला. एका धुण्याचे ३०० रुपये. एका शेजाऱ्यानं विचारलं, ‘एवढे कशाचे?’ मामा म्हणाले, ‘पाऊण तासाचे.’ बाकी १४ गाड्यांना मात्र अजूनही तीच एक बादली. त्यांच्या मालकांना गाडी रोज पुसलेली दिसायला हवी, आणि मामांना ते पैसे सोडून चालणार नाहीत.

तेव्हा मंडळी, कोटिंगवर हजारो रुपये घालण्याआधी खाली पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. तुमच्या गाडीच्या वाट्याला किती मिनिटं येतात आणि त्यांचे तुम्ही किती देता, हे विचारा. दुसरी बादली शे-दोनशे रुपयांत येते. मऊ टॉवेल आणताना मात्र दोन आणा. एक गाडीला, एक मामांना.